रहस्यपटाची नांदी

चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर जीं नांवें येतात, तीं कोणी वाचतो तरी काय, असा प्रश्न आमच्या एका वृद्ध मित्रांनीं आम्हांस एकदां केला होता. "ज्यांचीं असतात ते वाचतात," असें उत्तर देऊन आम्हीं तो प्रश्न हंसण्यावारी नेला. तें उत्तर खोटें नव्हतें; पण तें किती अपुरें होतें, हें कळण्यासाठीं आम्हांस गेल्या वर्षीं बुलढाणा जिल्ह्यांतील एका महाविद्यालयाच्या सभागृहांत दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. त्या दोन संध्याकाळींचा वृत्तांत आणि त्यावरून सुचलेले कांहीं विचार येथें मांडण्याचें योजिलें आहे.

चित्रपट विद्यार्थ्यांनीं काढलेला. लांबी २२ मिनिटांची. साधनें म्हणजे मोबाइलचा कॅमेरा, एक तिपाई आणि कोणाकडून तरी उसना आणलेला ध्वनिमुद्रक. कथा अशी कीं, लोणारच्या सरोवरावर पक्षी पाहण्याचा छंद असलेला एक शाळामास्तर एके सायंकाळीं घरीं परतत नाहीं. त्याची सायकल विवराच्या कांठावर उभी सांपडते. त्याचा एक मित्र शोध करूं लागतो, आणि शोध करतां करतां ज्याच्या घरीं तो रोज चहा घेतो त्याच्याच दाराशीं येऊन थांबतो. कथा नवी नाहीं, पण बेतशीर आहे. चित्रपटाचें व मुलांचें नांव आम्ही येथें देत नाहीं; मुलें अजून शिकत आहेत, आणि स्तुतीचा काय किंवा दोषाचा काय, छापील बोजा त्यांच्या नांवावर आतांच चढवूं नये असें आम्हांस वाटतें. शिवाय आम्हांस लिहावयाचें आहे तें सबंध चित्रपटाविषयीं नसून त्याच्या पहिल्या दीड-दोन मिनिटांविषयीं, म्हणजे नामावळीविषयीं आहे.

पहिल्या संध्याकाळीं जी नामावळी आम्हीं पाहिली ती अशी होती. काळ्या भूमीवर थरथरणारीं, ओरखडल्यासारखीं रोमन अक्षरें. मधूनच एक सुरी, एक फुटकी बाहुली, कोणाच्या तरी बोटांवरून ओघळणारा तांबडा रंग. आणि मागें कानठळ्या बसविणारा नाद. हें सारें कोठून आलें हें सांगावयास ज्योतिषी नको. १९९५ सालीं निघालेल्या 'सेव्हन' या अमेरिकन चित्रपटासाठीं कायल कूपर यानें जी नामावळी रचली, तिची नक्कल गेलीं तीस वर्षें जगभर चाललेली आहे. मूळ कृतींत तीं अक्षरें फिल्मवर हातानें खरडलेलीं आहेत, आणि त्यास कारण आहे. तेथें एक विकृत मनुष्य आपल्या वह्या शिवीत, छायाचित्रें कापीत, आपल्याच बोटांची कातडी पात्यानें सोलीत बसलेला दिसतो. अक्षरें जणूं त्याच्याच हातचीं. प्रेक्षक नटांचीं नांवें वाचीत असतो, पण वाचतां वाचतां तो नकळत गुन्हेगाराच्या खोलींत जाऊन बसलेला असतो. आमच्या मुलांच्या चित्रपटांत वह्या शिवणारा कोणी नव्हता, बाहुली नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर सुरीहि नव्हती. बिचाऱ्या मास्तरास कड्यावरून लोटून देण्यांत आलें होतें.

अनुकरण हा तरुणपणाचा धर्म आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती हिशेबाची. पहिल्या मिनिटांत जें दाखविलें त्याचें पुढें देणें द्यावें लागतें. सुरी दाखवून कडा देणें म्हणजे निमंत्रणपत्रिकेंत श्रीखंड छापून पंक्तींत पिठलें वाढण्यासारखें आहे. पिठलें वाईट असतें असें नव्हे.

परंतु त्या संध्याकाळीं नामावळीचा घात केला तो सुरीनें नव्हे, तर प्रेक्षकांनीं. सभागृहांत मेहकर, चिखली, देऊळगांव राजा अशा ठिकाणांहून आलेले मुलांचे आईबाप, मामा, मावश्या, शेजारी दाटीवाटीनें बसले होते. पडद्यावर पहिलें नांव उमटलें मात्र, डाव्या बाजूनें टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या नांवास उजव्या बाजूनें शिट्या आल्या. तिसऱ्यास कोणी तरी "अरे, आपला!" म्हणून आरोळी ठोकली. भयाचा तो कर्णकटु नाद या लग्नघरच्या गजरांत बुडून गेला. आणि शेवटीं, मोठ्या चित्रपटांत मोठ्या नटाचें नांव येतें तसें, "आणि" हा शब्द टाकून एका विद्यार्थ्याचें नांव एकट्यानें झळकलें. आमच्या शेजारच्या बाईंनीं आपल्या मुलीस हळूच सांगितलें कीं, खून यानेंच केला असणार. चित्रपट सुरू होऊन दोन मिनिटेंहि झालीं नव्हतीं, आणि बाईंचा तर्क तंतोतंत खरा होता.

येथें पुन्हां 'सेव्हन'चीच आठवण करून देणें भाग आहे. मुलांनीं त्यांतील ओरखडे घेतले, पण खरी शहाणपणाची गोष्ट घेतली नाहीं. त्या चित्रपटांत खुन्याची भूमिका केव्हिन स्पेसी या नटानें केली आहे, आणि त्याचें नांव आरंभींच्या नामावळींत कोठेंहि नाहीं. तें चित्रपट संपल्यावर येतें. रहस्यपटाच्या नामावळींत कोणतें नांव घालावयाचें याइतकाच कोणतें घालावयाचें नाहीं हाहि प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशीं मुलें आमच्याकडे आलीं आणि आतां काय करावें म्हणून विचारूं लागलीं. आम्हीं त्यांस जो सल्ला दिला तो आज सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. पण दुसऱ्याच्या कृतींतील दोष काढावयास बसलेल्यानें आपला दोष झांकणें बरें नव्हे. आम्हीं सांगितलें, "सुरी व बाहुली काढून टाका. लोणारचें सरोवर दाखवा, आणि त्यावर गंभीर आवाजांत स्थळाचें महत्त्व सांगा." निवेदनाचा मजकूरहि आम्हींच लिहून दिला. बेसाल्टच्या खडकांत अशनीच्या आघातानें झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें केलेली त्याची नोंद. लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचें मंदिर. २०२० च्या जून महिन्यांत पाण्यास आलेला गुलाबी रंग आणि त्याच वर्षीं रामसरच्या यादींत झालेला समावेश. मुलांनीं आमच्या शब्दाचा मान राखून तसें केलें व वर्गांत आम्हांस दाखविलें. एकहि विधान चुकीचें नव्हतें. मागच्या बांकावरचा विद्यार्थी झोंपला होता.

आमची चूक कोठें झाली याचा विचार करतांना आम्हांस हिचकॉकनें १९६२ सालीं फ्रान्स्वा त्रुफो याच्याशीं झालेल्या संभाषणांत केलेला भेद आठवला. टेबलाखालीं बॉंब आहे, हें प्रेक्षकांस ठाऊक नसतां तो एकदम फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉंब ठेवतांना प्रेक्षकांनीं पाहिलेला असला, तर टेबलाभोंवतीं बसलेल्यांच्या साध्या गप्पाहि पंधरा मिनिटें त्यांचा जीव टांगणीस लावतात. म्हणजे उत्कंठा अज्ञानांतून उपजत नाहीं, ती ज्ञानांतून उपजते. आम्हांसहि प्रेक्षकांस ज्ञानच द्यावयाचें होतें! पण १८२३ हा आंकडा कळल्यानें कोणाचा श्वास अडकत नाहीं. जें ज्ञान पडद्यावरील माणसाच्या जिवाशीं बांधलेलें असतें तेंच टोंचतें. बाकीचें गॅझेटियरांत शोभतें. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाचा आरंभहि निवेदनानेंच होतो. देवतेची व तिच्या लोभी पुत्राची सबंध कथा प्रेक्षकांस आधींच सांगून टाकलेली आहे. तरी तेथें कोणी झोंपत नाहीं, कारण सांगितलेली गोष्ट ही धमकी आहे. ती ऐकल्यापासून त्या वाड्याकडे वळणारें प्रत्येक पाऊल आपणांस थांबवावेंसें वाटूं लागतें.

एवढें कळल्यावरहि मूळ अडचण जागच्या जागीं राहिली, आणि ती म्हणजे नांवें. नांवांचा आणि भयाचा हा तंटा जुना आहे. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाचा आरंभ प्रसिद्ध आहे. एक हात बॉंबची कळ फिरवितो, तो एका मोटारीच्या मागील पेटींत ठेवतो. एक जोडपें येऊन त्या मोटारींत बसतें. आणि मग कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक वेळ, एकदांहि न तुटतां, त्या मोटारीच्या मागें-पुढें सरहद्दीवरील गांवांतून फिरत राहतो. हिचकॉकचें टेबल येथें चाकांवर चढलें आहे. पण चित्रपट काढणाऱ्या कंपनीनें या सबंध दृश्यावर नटांचीं व तंत्रज्ञांचीं नांवें छापलीं आणि हेन्री मॅन्सिनीचें संगीत वाजविलें. वेल्सनें १९५७ सालींच ५८ पानांचें टिपण लिहून चित्रपटांत हव्या असलेल्या दुरुस्त्या कळविल्या होत्या. कोणीं ऐकलें नाहीं. १९९८ सालीं, वेल्स वारल्यावर तेरा वर्षांनीं, वॉल्टर मर्च यानें त्या टिपणाबरहुकूम नवी प्रत सिद्ध केली. तींत नांवें शेवटीं गेलीं, आणि संगीताच्या जागीं रस्त्यावरचे व दुकानांतले आवाज आले. दोन्ही प्रती पाहिल्या म्हणजे आपला डोळा किती गरीब आहे हें कळतें. अक्षर दिसलें कीं तो मोटार सोडून अक्षराकडे धांवतो.

तर मग नांवें शेवटींच घालावीं, हें सरळ उत्तर आहे. आणि आजकाल पुष्कळ जण तेंच करतात. आम्हींहि तें मुलांस सुचवून पाहिलें. त्यांचें उत्तर असें आलें कीं, "सर, शेवटीं दिवे लागतात आणि लोक चपला शोधतात." या उत्तरापुढें आम्हांस बोलतां आलें नाहीं. ज्या माउलीनें आठ दिवस दहा पोरांच्या भाकरी थापल्या, तिनें आपल्या मुलाचें नांव दिवे लागलेल्या सभागृहांत, लोकांच्या पाठींआडून वाचावें काय? नामावळी हें ऋण आहे, आणि ऋण आधीं मान्य करण्याची आपली रीत आहे. गोंधळी प्रथम देवदेवतांस नांवानिशीं बोलावतो, मग कथेस हात घालतो. किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणलें तेव्हांहि नांदी व सूत्रधार सोडले नाहींत.

आणि सूत्रधाराचा विषय निघाला तेव्हां, ज्या नाटकाकडे आम्हीं आधींच जावयास हवें होतें तें आम्हांस आठवलें. विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस' आम्हीं विद्यार्थिदशेंत परीक्षेसाठीं वाचलें. त्याची प्रस्तावना हा रहस्यपटाच्या नामावळीचा उत्कृष्ट नमुना आहे, हें कळावयास मात्र पन्नाशी उलटावी लागली. सूत्रधार येतो, प्रथम नांवें सांगतो: सामंत वटेश्वरदत्ताचा नातू विशाखदत्त यानें हें नाटक रचलें आहे, वगैरे. येथवर सारें रीतसर, कंटाळवाणें म्हणा हवें तर. मग तो घरीं जातो, तों तेथें स्वयंपाकाची धांदल. चंद्रग्रहण आहे म्हणून ब्राह्मणांस जेवावयास सांगितलें आहे, असें नटी म्हणते. सूत्रधार ज्योतिष जाणतो. तो सांगूं लागतो कीं, क्रूरग्रह चंद्राचा बळानें पराभव करूं पाहतो खरा, पण— इतक्यांत पडद्याआडून एक क्रुद्ध आवाज येतो: मी येथें उभा असतां चंद्राचा पराभव करूं पाहणारा हा कोण? सूत्रधार दचकतो, तो आवाज कौटिल्याचा आहे हें ओळखतो आणि बायकोस घेऊन काढता पाय घेतो. घरगुती गोष्टींतला आकाशांतला चंद्र एका क्षणांत पाटलिपुत्राचा राजा चंद्रगुप्त होतो. ज्याच्या आवाजास सूत्रधार भितो, तो मनुष्य अजून आपण पाहिलेलाहि नाहीं!

येथें नांवें गाळलेलीं नाहींत, शेवटीं ढकललेलीं नाहींत, भयानें झांकलेलींहि नाहींत. तीं निवांतपणें सांगून झालीं आहेत. आणि ज्या साध्या, रोजच्या वस्तूंकडे प्रेक्षक विसावून पाहत होता त्यांतूनच धोका उठला आहे. सॉल बासनें 'सायको' (१९६०) साठीं दुसरी वाट काढली. त्यानें नांवेंच भयाचें साधन केलीं. आडव्या-उभ्या पट्ट्या सरकतात, त्यांबरोबर अक्षरें तुटतात, जुळतात, पुन्हां तुटतात, आणि बर्नार्ड हेरमनचीं तंतुवाद्यें त्या तुटण्यास धार लावतात. आडवें-उभें चिरलेलें मन हाच त्या चित्रपटाचा विषय आहे, म्हणून तें शोभतें. पण त्या वाटेस बासचा हात व हेरमनचा कान लागतो, आणि मुलांजवळ तिपाई होती.

आम्ही हें 'मुद्राराक्षसा'चें पुराण वर्गांत सांगितलें, पण मुलांस मार्ग सुचला तो त्यांतून नव्हे. त्यांच्यांतील एक जण जळगांव जामोदकडचा. तो म्हणाला, "सर, हें तर आमच्या भेंडवळच्या घटासारखं झालं." ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेच्या सायंकाळीं शेतांत घट मांडण्याची चाल आहे. वाघ घराण्यांतील चंद्रभान महाराजांनीं ती सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं सुरू केली असें सांगतात. गोल आंखून त्यांत अठरा प्रकारचीं धान्यें मांडतात. मध्यें खळग्यांत पावसाच्या चार महिन्यांचीं म्हणून मातीचीं चार ढेंकळें, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, भजें, करंजी असे पदार्थ, आणि पानविडा. मग सारे निघून जातात. रात्रीं तेथें कोणी फिरकत नाहीं. पहांटे दुरून दुरून आलेल्या शेतकऱ्यांच्या समक्ष पाहतात: कोणतें धान्य जागचें हललें, कोणतें ढेंकूळ भिजलें, काय नाहींसें झालें, आणि त्यावरून पावसापाण्याचें भाकीत सांगतात. त्या भाकिताच्या खरेखोटेपणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमचा त्यावर विश्वास नाहीं, आणि विज्ञाननिष्ठ मंडळींनीं त्यावर घेतलेले आक्षेप आम्हांस मान्य आहेत. पण उत्कंठेची रचना म्हणून पाहिलें तर याहून निर्दोष रचना आम्हांस ठाऊक नाहीं. वस्तु दाखविल्या, प्रेक्षकानें त्या मनांत मोजल्या, मध्यें एक रात्र टाकली, आणि पुन्हां त्याच वस्तु दाखविल्या.

दुसऱ्या संध्याकाळची नामावळी या रीतीची होती. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका शेताच्या कडेला, तिपाईवर कॅमेरा एकदां ठेवला तो हलविलाच नाहीं. मावळत्या उजेडांत सायकल उभी. तिच्यापाशीं चपलांचा जोड, जेवणाचा डबा, एक दुर्बीण, आणि पक्ष्यांच्या नोंदींची वही. एकेका वस्तूशेजारीं साध्या देवनागरी अक्षरांत एकेक नांव येतें व जातें. नटांचीं नांवें अकारविल्हेनें एकत्र, कोणाची भूमिका न सांगतां. उजेड उतरत जातो. शेवटलें नांव जवळजवळ काळोखांतच वाचावें लागतें. मग नुसता काळोख, आणि रातकिडे. मग पहांट. तेंच शेत, तीच सायकल. डब्याचें झांकण उघडें आहे, आणि दुर्बीण नाहीं.

सभागृहांत तेच मामा, त्याच मावश्या होत्या. पहिल्या नांवास टाळ्या पडल्या, दुसऱ्यास थोड्या, तिसऱ्यापासून लोक गप्प झाले. आपल्या पोराचें नांव ज्या वस्तूशेजारीं आलें ती वस्तु ज्यानें त्यानें नीट पाहून ठेवली होती. पहांट झाली तेव्हां आमच्या पुढच्या रांगेंतून एका मुलानें "दुर्बीण गेली" असें म्हटलें, आणि त्यास कोणीं तरी चूप केलें. नांवांकडे वळणारा डोळा नांवाबरोबरच वस्तूकडे गेला होता; वेल्सच्या मोटारीचें जें झालें तें येथें झालें नाहीं.

ही नामावळी निर्दोष आहे असें मात्र नाहीं. काळोख फार लांबला आहे. पांच सेकंदांचें काम होतें तेथें बारा सेकंद घेतले आहेत, आणि मध्यें एक तान्हें मूल रडल्यामुळें तें सर्वांच्या लक्षांत आलें. पहांटेबरोबर जें संगीत सुरू होतें तें काढून टाकावें. दुर्बीण गेली हें ज्यास दिसलें त्यास संगीत नको, आणि ज्यास दिसलें नाहीं त्यास संगीतानें दिसणार नाहीं. तिसरा दोष याहून मोठा आहे. दुर्बीण कोणीं नेली याचा उलगडा कथेंत होतो. डब्याचें झांकण कोणीं उघडलें याचा शेवटपर्यंत होत नाहीं. विचारतां मुलें म्हणालीं कीं, "तें बरं दिसत होतं." नाट्यशास्त्रकारांनीं मुखसंधींत बीज पेरावें असें सांगितलें आहे, जें उगवणार नाहीं तें पेरूं नये, हें त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांस वेगळें सांगावयास नको होतें.

चौथी गोष्ट दोष म्हणावी कीं नाहीं याविषयीं आमचें मत अजून स्थिर नाहीं. चित्रपटाचा अर्धा भाग ज्या मुलानें टिपला, तो मध्येंच महाविद्यालय सोडून गेला. सोयाबीन हातचें गेलें, घरीं निकड लागली, आणि तो चाकणकडे एका कारखान्यांत कामास लागला. नामावळींत त्याचें नांव सायंकाळच्या नांवांत नाहीं. तें पहांटे येतें, एकटें, जेथें दुर्बीण होती त्या रिकाम्या जागेवर. ज्यांस ठाऊक नव्हतें त्यांनीं तें नांव हरवलेल्या मास्तराचेंच समजलें. कथा पुढें सरकल्यावर तो गोंधळ दूर होण्यास दोन-तीन मिनिटें लागलीं, आणि रहस्यपटांत तीं थोडीं नव्हेत. प्रयोग संपल्यावर त्या मुलाच्या आईनें इतर मुलांस गांठून विचारलें, "माह्या पोराचं नाव त्या रिकाम्या जागी काहून लावलं?" मुलांपैकीं एकानें सांगितलें कीं, ती दुर्बीण त्याचीच होती, जातांना तो ती ठेवून गेला. बाई कांहीं वेळ तेथेंच उभ्या राहिल्या, आणि मग दुर्बीण आतां कोणाजवळ आहे असें त्यांनीं विचारलें.

आम्हीं मुलांस लेखी अभिप्राय दिला: संगीत काढा, झांकण मिटा, काळोख कमी करा, आणि तें नांव सायंकाळीं इतरांबरोबर घ्या. पहिल्या तीन सूचना त्यांनीं त्याच आठवड्यांत अमलांत आणल्या. झांकणासाठीं पुन्हां एक संध्याकाळ व एक पहांट त्या शेतांत जाऊन बसले. चौथी मानली नाहीं. चित्रपट तसाच एका स्पर्धेस पाठविला आहे.